शेल्टरमधला कुत्रा घरी आणण्याआधी त्याचा स्वभाव कसा ओळखायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याजवळच्या एका शेल्टरमध्ये मी गेली नऊ वर्षं शनिवार-रविवारी जाते. कुत्र्यांना फिरवणं, जखमा धुणं आणि दत्तक घ्यायला आलेल्या कुटुंबांबरोबर बसणं ही माझी कामं. लोक मेसेजवर विचारतात, फाटकापाशी थांबवून विचारतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तर दुसरीकडे दिलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शेल्टरमध्ये एकदा जाऊन कुत्र्याचा स्वभाव कळतो का?

थोडा कळतो, पूर्ण नाही. शेल्टरमधला कुत्रा तणावात असतो. आजूबाजूला वीस कुत्रे भुंकत असतात, फिनाइलचा वास असतो, सलग झोप मिळत नाही. अशा जागी माणूसही स्वतःसारखा वागत नाही.

परदेशात यासाठी ठरावीक चाचण्या बऱ्याच वर्षांपासून वापरल्या जातात. २०१६ मध्ये गॅरी पॅट्रोनेक आणि जॅनिस ब्रॅडली यांनी त्यांची गणिती तपासणी केली आणि कोणता कुत्रा पुढे चावेल हे सांगण्यात या चाचण्या नाणेफेकीपेक्षा सरस नाहीत, असा निष्कर्ष काढला. म्हणून एखादा कुत्रा "पास" किंवा "नापास" असं कुणी सांगत असेल तर ते मनावर घेऊ नका.

तरीही बघण्यासारखं पुष्कळ असतं. माझ्या अनुभवात एकच गोष्ट सगळ्यात जास्त खरी ठरली आहे. कुत्रा घाबरतो की नाही, यापेक्षा घाबरल्यावर तो किती वेळात सावरतो हे बघा. घाबरत सगळेच असतात. आवाजाने दचकून अर्ध्या मिनिटात पुन्हा वास घ्यायला लागणारा कुत्रा आणि त्याच आवाजाने दचकून वीस मिनिटं कोपरा न सोडणारा कुत्रा, या दोघांबरोबरचं तुमचं पहिलं वर्ष फार वेगळं जाईल. हे कसं तपासायचं ते प्रश्न ५ मध्ये आहे.

२. पहिल्या भेटीत नेमकं काय करायचं?

जेवणाची आणि साफसफाईची वेळ टाळून जा. आमच्याकडे सकाळी दहापर्यंत केनेलमध्ये, म्हणजे कुत्र्यांच्या जाळीच्या खोल्यांत, पाणी मारणं चालू असतं, तेव्हा प्रत्येक कुत्रा पिसाळल्यासारखा भुंकतो. अकराच्या सुमारास तेच कुत्रे पाय पसरून पडलेले असतात.

आधी लांबून, कडेला उभं राहून पाच मिनिटं बघा. जाळीसमोर उभं राहून डोळ्यांत डोळे घालू नका. मग कार्यकर्त्याला सांगून कुत्र्याला मोकळ्या जागेत बाहेर काढायला लावा, लीश (फिरवायची दोरी) त्यांच्याच हातात राहू द्या. पहिली पाच-सात मिनिटं त्याची त्याला द्या. तासन् तास बंद असलेला कुत्रा बाहेर आल्यावर ओढतो, धावतो, चार ठिकाणी पाय वर करतो. ते बघून "हा फार आगाऊ आहे" असं ठरवू नका.

त्यानंतर तुम्ही खाली बसा. ओट्यावर किंवा सरळ जमिनीवर, त्याच्याकडे थोडी कूस करून. बोलावू नका, बिस्किट दाखवू नका. तो स्वतःहून येतो का, येऊन काय करतो, गेला तर परत वळतो का, हे बघत राहा.

इथे घाई फार होते. फ्लोरिडातल्या एका शेल्टरमध्ये २०१४ मध्ये झालेल्या अभ्यासात लोक एका कुत्र्याबरोबर सरासरी आठ मिनिटं घालवत होते, आणि जो जवळ येऊन आडवा होई किंवा खेळायला बोलावल्यावर प्रतिसाद देई तोच निवडला जाई. आठ मिनिटांत बुजरा कुत्रा जागचा उठतसुद्धा नाही. किमान दोन भेटी द्या, जमलं तर तीन, वेगवेगळ्या वेळी. त्यातली एक संध्याकाळची असू द्या.

३. शेपूट हलवतोय म्हणजे खूश आहे ना?

नेहमीच नाही. शेपूट कशी हलते आणि बाकीचं अंग काय करतंय, हे एकत्र बघायला लागतं.

शेपूट पाठीच्या रेषेत किंवा जरा खाली, सैल, आणि तिच्याबरोबर कंबरसुद्धा हलतेय, तोंड किंचित उघडं, डोळे मऊ: हा खूश आहे. शेपूट झेंड्यासारखी ताठ वर, टोक तेवढं भरभर थरथरतंय, पुढचे पाय रोवलेले, तोंड घट्ट मिटलेलं: हा तणावात आहे, हात पुढे करू नका. देशी कुत्र्यांची शेपूट मुळातच वर वळलेली असते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत शेपटीपेक्षा तोंडाकडे आणि पाठीच्या कण्याकडे बघा. शेपूट पोटाखाली गेली असेल, कान मागे चिकटले असतील आणि अंग चोरून उभा असेल, तर तो घाबरलेला आहे.

बारीक खुणा जास्त उपयोगी पडतात, पण त्या पटकन येऊन जातात. समोर खाणं नसताना जिभेने ओठ चाटणं. झोप आलेली नसताना जांभई. मान फिरवून डोळ्याच्या कडेने बघणं, ज्यात डोळ्याचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतो. हे सगळं "मला जरा जागा द्या" असं सांगणं आहे. तुम्ही मागे सरकल्यावर त्याने ओल्या अंगासारखं अंग झटकलं, तर ते चांगलं लक्षण. ताण तिथेच उतरला.

पाठीवरचे केस उभे राहिले की लोक घाबरतात. पण केस भीतीनेही उभे राहतात आणि उत्साहानेही. तेवढ्यावरून काही ठरवू नका.

४. "अगदी शांत आहे, कुणालाही काही करत नाही" असं सांगितलेला कुत्रा घ्यायला हरकत नाही ना?

आधी एक सांगते. चार वर्षांपूर्वी आमच्याकडे एक तांबूस कुत्री होती. दोन मुलं असलेलं एक कुटुंब आलं. मुलांनी तिच्या डोक्यावरून, पाठीवरून हात फिरवला, गळ्यात हात टाकले. ती पुतळ्यासारखी उभी. तोंड मिटलेलं, नजर भिंतीवरच्या एका ठिकाणी, अंगातला एक स्नायू हलत नव्हता. मी तिच्या कार्डावर लिहिलं, "अतिशय शांत. मुलांबरोबर चालेल."

ती शांत नव्हती, ती गोठली होती. पळायला जागा नसली की काही कुत्रे असे स्तब्ध होतात. घरी गेल्यावर तीन आठवड्यांत तिला धीर आला, आणि धीर आल्यावर तिने पहिल्यांदा "नको" म्हटलं. धाकटी मुलगी तिला मिठी मारत असताना तिने तोंड टाकलं. गालावर दाताचा ओरखडा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते लोक तिला तिच्या चादरीसकट परत घेऊन आले. चूक तिची नव्हती, मुलीचीही नव्हती. कार्डावर लिहिणारी मी होते.

तेव्हापासून मी प्रत्येकाला हे करायला सांगते. कुत्रा जवळ आल्यावर त्याच्या छातीवर किंवा खांद्याच्या कडेला तीन सेकंद हात फिरवा आणि हात काढून घ्या. मग थांबा. खरा शांत कुत्रा तुमच्याकडे झुकतो, नाकाने हात ढकलतो, "अजून" म्हणतो. ज्याला नको आहे तो बाजूला होतो, आणि तेही छानच, कारण तो नीट सांगतोय. जो हलतच नाही त्याच्याबद्दल सावध व्हा. असा कुत्रा वाईट नसतो, पण त्याचा स्वभाव तुम्हाला अजून दिसलेलाच नाही. त्याला आणखी भेटी हव्यात, आणि लहान मुलं नसलेलं घर हवं.

ती तांबूस कुत्री आता एका निवृत्त शिक्षिकेकडे आहे. तिथे तिच्या अंगाला कुणी विचारल्याशिवाय हात लावत नाही, आणि ती रात्री त्यांच्या पायांशी झोपते.

५. घाबरल्यावर सावरतो का, हे तपासायचं कसं?

मुद्दाम घाबरवून नाही. रोजच्या घरात जे आवाज असतात तेच, कमी तीव्रतेने, लांबून, आणि आधी कार्यकर्त्याची परवानगी घेऊन.

कुत्रा दहा-बारा फुटांवर असताना स्टीलचा चमचा जमिनीवर पडू द्या. तो दचकेल. मनातल्या मनात आकडे मोजा. तो चमच्याकडे वास घ्यायला येतो, की तुमच्याकडे बघतो, की लीश ताणून लांब जायला बघतो? पाच-दहा आकड्यांत कान पुन्हा सैल झाले तर उत्तम. मिनिटभर लागलं तरी ठीक. पाच मिनिटांनीही तो धापा टाकत असेल, हातातला चिकनचा तुकडा घेत नसेल, तर तुमच्या घरातला प्रेशर कुकर आणि मिक्सर त्याला फार जड जाणार आहेत.

छत्री लांबून हळू उघडा. हेल्मेट घालून या, मग काढा. कोपऱ्यात टेकवलेल्या झाडूजवळून त्याला चालवा. रस्त्यावर वाढलेल्या पुष्कळ कुत्र्यांना हेल्मेटवाला माणूस आणि लांब दांड्याची वस्तू यांची धास्ती असते, कारण त्यांनी मार खाल्लेला असतो. काठी उगारून कधीही बघू नका. त्यातून काही कळत नाही, फक्त एका जिवाचा विश्वास जातो.

हे सगळं एकाच भेटीत करू नका. छोटे धक्के एकावर एक साठत जातात आणि चौथ्याला धीट कुत्राही कोलमडतो. एका दिवशी एक, फार तर दोन. आणि फटाके किंवा ढोल-ताशाचा अंदाज चमच्यावरून बांधू नका. दिवाळी कशी जाईल हे दिवाळीतच कळतं. मात्र मागच्या दिवाळीत हा इथेच असेल तर कार्यकर्त्यांना नक्की विचारा.

६. भुंकणारा कुत्रा चावत नाही म्हणतात, खरं आहे का?

नाही. म्हण माणसांबद्दल असेल, कुत्र्यांबद्दल ती धोक्याची आहे. भुंकणारा कुत्राही चावतो आणि न भुंकता चावणाराही असतो.

पण जाळीमागून भुंकतो म्हणून कुत्रा नाकारूही नका. जाळी आणि लीश दोन्हींमुळे कुत्रा अडकतो, त्याला जवळ येता येत नाही आणि लांबही जाता येत नाही, त्याचा वैताग भुंकण्यातून निघतो. जाळीवर उड्या मारणारे कितीतरी कुत्रे दार उघडताच लोळण घेतात. केनेलच्या आतलं वागणं आणि बाहेरचं वागणं वेगळं नोंदवा, आणि बाहेरच्याला जास्त वजन द्या.

गुरगुरण्याबद्दलही लिहिते, कारण ते ऐकून लोक उठून जातात. गुरगुरणं ही सूचना आहे. गुरगुरणारा आणि तुम्ही मागे झाल्यावर थांबणारा कुत्रा माझ्या मते भरवशाचा कुत्रा आहे. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा पुढे सूचना न देताच चावायला शिकतो.

७. जेवताना त्याच्या भांड्यात हात घालून बघावा का?

अजिबात नको. खेळण्यातला किंवा प्लास्टिकचा हात घालूनही नको.

या चाचणीवर २०१३ मध्ये एक अभ्यास झाला. ९७ कुत्रे होते. शेल्टरमध्ये खाण्यावरून अंगावर आलेल्या कुत्र्यांपैकी जवळजवळ निम्मेच घरी तसे वागले. शेल्टरमध्ये काहीच न करणाऱ्यांपैकी सुमारे पाचातला एक मात्र घरी गेल्यावर खाणं राखायला लागला. वीस कुत्र्यांच्या मध्ये बसून जेवणारा कुत्रा ताट राखतो यात नवल नाही.

त्याऐवजी रोज जेवण देणाऱ्या माणसाला विचारा की भांडं ठेवताना हा मागे होतो का, आणि मध्येच कुणी जवळून गेलं तर खाण्याचा वेग वाढतो का. वेग वाढणं आणि अंग ताठ होणं ही पहिली खूण. आपल्याकडे पुष्कळ घरांत जमिनीवर बसून जेवतात, ताट कुत्र्याच्या तोंडासमोरच असतं. तुमच्या घरी तसं असेल तर हे आधीच सांगा. सुरुवातीचे काही महिने त्याचं जेवण वेगळ्या खोलीत, दार लावून, इतकं केलं तरी बहुतेक ठिकाणी निभावतं.

८. शेल्टरच्या लोकांना काय विचारायचं? ते सगळ्यांचं कौतुकच करतात.

विशेषणं विचारू नका, प्रसंग विचारा. "स्वभावाने कसा आहे?" या प्रश्नाला "फार गोड" हेच उत्तर मिळेल. त्याऐवजी असं विचारा: शेवटचा कधी गुरगुरला आणि कशावरून? नखं कापताना किती जण लागतात? डॉक्टर इंजेक्शन देतात तेव्हा मुसकं घालावं लागतं का? अनोळखी पुरुष आत आला तर काय करतो? पट्ट्याला धरलं तर? इथे कुठून आला, किती दिवस झाले, याआधी कुणी नेऊन परत आणलं आहे का?

आणि हे ऑफिसात बसलेल्याला विचारू नका. केनेल धुणाऱ्या मावशी किंवा दादा असतात, कुत्र्यांना रोज सकाळी तेच भेटतात. आमच्याकडच्या मावशी एका वाक्यात सांगतात, "हा पायात घुटमळतो, पण झोपेत हात लावायचा नाही." असं वाक्य कुठल्याही फॉर्मवर मिळत नाही.

९. रस्त्यावर वाढलेला देशी कुत्रा घरात राहील का?

बहुतेक राहतात. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत अनिंदिता भद्रा यांचा गट रस्त्यावरच्या कुत्र्यांवर बरीच वर्षं काम करतोय. त्यांच्या २०१७ च्या अभ्यासात असं दिसलं की अनोळखी माणूस पुन्हा पुन्हा भेटत असेल तर रस्त्यावरच्या कुत्र्याला त्याने दिलेल्या खाण्यापेक्षा अंगावरून फिरवलेला हात जास्त भावतो. गावठी कुत्र्याला माणसाचा लळा लागत नाही, हा समज सोडून द्या.

पण स्वभाव आणि सवय यांत गल्लत करू नका. ज्याने जन्मात गुळगुळीत फरशी बघितली नाही तो तुमच्या हॉलमध्ये चारही पाय फाकवून उभा राहील. लिफ्टचं दार बंद झालं की घाबरेल. तो अननुभव आहे, काही आठवड्यांत जातो. शेल्टरच्या ऑफिसात फरशी असेल तर तिथे त्याला नेऊन बघा, जिना चढवून बघा. इथेही बघायचं तेच, दुसऱ्या खेपेला पहिल्यापेक्षा बरा वागतो का.

एक अपवाद. कानाला खाच असलेला, म्हणजे नसबंदी झालेला, आपल्या गल्लीत चार घरी खाऊन सुखाने राहणारा, मोकळेपणाची सवय झालेला पाच-सहा वर्षांचा कुत्रा नुसत्या दयेपोटी उचलून चौथ्या मजल्यावर नेऊ नका. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार असे कुत्रे शस्त्रक्रिया आणि रेबीजच्या लशीनंतर त्यांच्याच भागात परत सोडायचे असतात. शिवाय दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर जाणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्याची आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात म्हटलं आहे. "नाही जमलं तर सोडून देऊ" हा मार्ग नाही. जमलं नाही तर काय करायचं ते प्रश्न १६ मध्ये.

१०. त्यापेक्षा पिल्लूच घेतलं तर? स्वभाव आपण घडवू.

अर्धा तुमच्या हातात असतो. पिल्लाचा जग ओळखण्याचा मुख्य काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत असतो. त्यात माणसं, मुलं, वाहनं, भांड्यांचे आवाज यांची सुखाची ओळख झाली तर पुढे सोपं जातं. तीन महिन्यांचं पिल्लू तुमच्याकडे येतं तेव्हा त्यातला बराचसा काळ सरलेला असतो.

पिल्लू बघताना आई शेल्टरमध्येच असेल तर आधी आईला भेटा. पिल्लाला उचलल्यावर ते थोडं चुळबुळ करून शांत होतं का, भावंडांपासून लांब ठेवलं तर किती वेळ रडतं, पडलेल्या चमच्याकडे परत येतं का, एवढं बघा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू आईपासून तोडून आणू नका.

घरात वेळ कमी आणि ज्येष्ठ माणसं असतील तर मी दोन-तीन वर्षांचा मोठा कुत्रा सुचवते. त्याचा स्वभाव बनून गेलेला असतो, बघायला मिळतो. पिल्लाचा अंदाज बांधावा लागतो.

११. घरात लहान मूल आहे. वेगळं काय बघायचं?

पहिल्या भेटीला मुलाला आणू नका. आधी मोठ्यांनी बघून घ्या, विशेषतः प्रश्न ४ मधली हाताची गोष्ट. दुसऱ्या भेटीत मूल येऊ दे, पण त्याने तुमच्या शेजारी बसून राहायचं, कुत्र्याकडे जायचं नाही. कुत्रा मुलाकडे सैल अंगाने येतो, वास घेतो, पुन्हा येतो, तर चांगलं. तो मुलाला टाळून फक्त मोठ्यांकडे जात असेल तर तेच त्याचं उत्तर समजा. मूल पळालं किंवा किंचाळलं तेव्हा त्याने काय केलं, हे लक्षात ठेवा. मागे धावून पँट ओढणारा कुत्रा बहुधा खेळकर असतो, पण चार वर्षांच्या मुलाला ते खेळणं झेपत नाही.

रांगतं मूल असेल तर मी सरळ सांगते, वर्षभर थांबा. रांगणारं मूल कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, सरळ त्याच्याकडे बघत, अचानक येतं. चांगल्या स्वभावाच्या कुत्र्यालाही ते अवघड जातं.

१२. घरी आधीच कुत्रा किंवा मांजर आहे.

कुत्र्याची ओळख जाळीतून करू नका, समोरासमोरही नको. दोघांना दोन माणसांनी धरून, पंधरा-वीस फूट अंतर ठेवून, एकाच दिशेने चालवा. अंतर हळूहळू कमी करा. एकमेकांचा मागून वास घेऊन तीन-चार सेकंदांत बाजूला झाले तर जमेल. एक दुसऱ्याच्या मानेवर हनुवटी ठेवून ताठ उभा राहिला तर पुढे नेऊन लक्ष वळवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा.

मांजराचं कठीण आहे. शेल्टरमध्ये मांजरं असतील तर लांबून, लीशवर दाखवा. बघून नजर वळवणारा चालेल. एकटक, श्वास रोखून बघणारा, नावाने हाक मारूनही न हलणारा नको. इथे मी दुसरी संधी द्या म्हणत नाही, कारण किंमत मांजराला मोजावी लागते.

१३. "लॅब मिक्स आहे, म्हणून प्रेमळ आहे" हे खरं धरायचं का?

नाही. रंग आणि कान बघून केलेला जातीचा अंदाज पुष्कळदा चुकतो, आणि जात बरोबर निघाली तरी समोरचा कुत्रा कसा आहे हे त्यावरून कळत नाही. एका बाबतीत मात्र विचारपूस करा. पिल्लांसाठी वापरून टाकून दिलेल्या मोठ्या जातिवंत माद्या आमच्याकडे येतात. त्यांनी आयुष्य एका पिंजऱ्यात काढलेलं असतं. त्या गरीब दिसतात, पण दार, टीव्ही, रस्ता सगळंच त्यांना नवं असतं. प्रश्न ९ मधला अननुभव त्यांनाही लागू आहे.

१४. नुकतंच ऑपरेशन झालेला किंवा आजारी कुत्रा आवडलाय. त्याचा स्वभाव कसा बघायचा?

बघू नका, थांबा. दुखणारा कुत्रा चिडका वाटतो आणि तापाने गळून गेलेला कुत्रा गरीब वाटतो, दोन्ही फसवं असतं. खरजेने बेजार असलेला, अंगाला हात लावू न देणारा एक काळा कुत्रा उपचारांनंतर सहा आठवड्यांत पोट वर करून लोळताना मी बघितला आहे. नसबंदीनंतर टाके बरे होऊन कुत्रा नेहमीसारखा खायला लागेपर्यंत काही ठरवू नका. मादी माजावर असेल तर तिच्या आणि आजूबाजूच्या नरांच्या वागण्यावरूनही निष्कर्ष काढू नका. दातांत, कानांत किंवा कंबरेत दुखणं आहे का, हे डॉक्टरांना मुद्दाम बघायला सांगा.

१५. एकदा चावलाय असं सांगितलं. घ्यावा का?

सांगितलं, हीच पहिली चांगली गोष्ट. आता तपशील विचारा. कुणाला, कुठे, कशावरून, आधी गुरगुरला होता का, एकदाच दात लावून सोडलं की धरून ठेवलं, जखम किती खोल. रस्त्यावर अपघात झालेल्या कुत्र्याने उचलणाऱ्याला दात लावला, तर ते त्याच्या वेदनेचं होतं. रोज फिरवणाऱ्या ओळखीच्या माणसाला काही कारण नसताना, सूचना न देता, खोल आणि पुन्हा पुन्हा चावला असेल, तर पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या घराने तो घेऊ नये. त्याला अनुभवी माणूस आणि प्राणी-वर्तनाचा जाणकार लागतो.

भेटीदरम्यान तुम्हालाच दात लागला, अगदी ओरखडा आला, तरी जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून टाळू नका. हळद, चुना, मिरची काही लावू नका.

१६. खरा स्वभाव किती दिवसांनी दिसतो? आणि नाही जमलं तर?

कुत्र्यांबरोबर काम करणाऱ्यांमध्ये तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा आहे. तीन दिवसांत भेदरलेपण कमी होतं, तीन आठवड्यांत घराची शिस्त कळते, तीन महिन्यांत घर आपलं वाटायला लागतं. पहिल्या आठवड्यात पाहुण्यांना बोलावू नका. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास नवीन काहीतरी वर येतं, दारावर भुंकणं, सोफा राखणं, हे जवळजवळ प्रत्येक घरातून मला कळवलं जातं. कुत्रा बिघडला असं समजू नका. त्याला आता बोलण्याइतकं सुरक्षित वाटतंय.

शक्य असेल तर आधी फॉस्टर म्हणून, म्हणजे थोड्या दिवसांपुरता सांभाळायला, न्या. दोन रात्रींनीसुद्धा फरक पडतो. अमेरिकेतल्या पाच शेल्टरमध्ये २०१९ मध्ये झालेल्या अभ्यासात एक-दोन रात्री माणसांच्या घरी राहिलेल्या कुत्र्यांच्या शरीरातला ताणाचा संप्रेरक कमी झालेला दिसला. घरी झोप लागली की जो कुत्रा दिसतो, तो खऱ्या कुत्र्याच्या बराच जवळचा असतो.

आणि नाहीच जमलं तर लाजू नका, लपवू नका, दुसऱ्या कुणाला परस्पर देऊ नका. ज्यांच्याकडून घेतला त्यांना आधी फोन करा. परत आणताना एका कागदावर लिहून आणा: काय खातो, कुठे झोपतो, कशाला घाबरला, कोणत्या वेळी कुणावर गुरगुरला, कशाने शांत झाला. तो कागद आम्ही त्याच्या कार्डाला टाचून ठेवतो, आणि पुढचं कुटुंब आलं की आधी तोच त्यांच्या हातात देतो.